जळक्या कागदाचा वास

हनोईतल्या आमच्या गल्लीत नव्याने राहायला आलेल्या एका परदेशी माणसाने सकाळी फळवालीला पेरूचा भाव विचारला, पेरू हाताळून परत ठेवला आणि तो चालू लागला. फळवालीने शांतपणे एक कागद पेटवला आणि तो माणूस उभा होता त्या जागेवरून, मग टोपलीवरून फिरवला.

"पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं की मागे राहिलेली पीडा जाळावी लागते," शेजारी उभ्या असलेल्या घरमालकीणबाई मला म्हणाल्या. "सकाळी लवकर गेलात तर काहीतरी घेऊनच या."

आपल्याकडे भवानी बिघडली तर भाजीवाली नुसती चरफडते. हिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. स्मशानातून आल्यावर माणूस जसे नीट पाय धुतो, तसं ती ते करत होती.

इथे आल्यापासून मी रोज सकाळी नुसता भाव विचारत हिंडतो. मागून येणारा हा वास कुणाच्या तरी पूजेचा असेल, असंच मला वाटायचं.