अधिक बारा

या, अशा जवळ या. दारात उभं राहून ऐकायची गोष्ट नाही ही. आणि बसायच्या आधी एक बोलून घेते, राग मानू नका. परवा माझ्या अंगणातली झाकून ठेवलेली फटफटी पाहून तुम्ही काय म्हणालात? "काकू, हे भंगार कशाला सांभाळून ठेवलं?" भंगार म्हणालात! चूक तुमची नाही, तुम्हाला ठाऊक नाही एवढंच. पण ठाऊक नसताना माणसानं जरा हळू बोलावं. आता घ्या तो पाट ओढून आणि ऐका.

साऱ्या वऱ्हाडात उन्हाला शिव्या घालणारे घरोघरी सापडतील, पण उन्हाची, उकळीची, वाफेची, तापाची सख्ख्या सोयऱ्यासारखी विचारपूस करणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे आमचे भाऊजी. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. अकोल्याला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांचा जन्म गेला. पोरं शिकून जात, मास्तर बदलून जात, भाऊजी मात्र काचेचे तापमापक फडक्यानं पुसत तिथेच. रिटायर झाले तेव्हा लोकांनी शाल दिली, नारळ दिला, पण भाऊजींनी मागून घेतला तो एक जुना तापमापक. तो कायम खिशात, पेनाच्या शेजारी. कुणाच्या लग्नात जेवायला बसले तर आधी वरणात बुडवतील. चहा आला की कपात. पहिल्या घोटाआधी आकडा. "वैनी, पासष्ट हाय. बासष्टले पितो मी," असं म्हणून कप समोर ठेवून वाट पाहत बसायचे, आणि ती तीन अंशांची वाट पाहताना त्यांचे डोळे असे लांब कुठं तरी जायचे, की समोर बसलेल्या माणसालाही आपण कशाची तरी वाट पाहतो आहोत असं वाटू लागायचं. मी तर कितीदा माझा चहा गार करून घेतला त्या नादात.

आंब्याच्या दिवसात रसाचं पातेलं माठाजवळ ठेवलेलं. भाऊजी तिथं गेले, तापमापक बुडवला, आणि माझ्याकडे अशा चेहऱ्यानं आले जसं घरात कुणाचं काही बिघडलं आहे. "वैनी, रस अठ्ठावीस हाय बाप्पा. माठातलं पाणी चोवीस. या रसाले कोणी विचारून नाई राहिलं." आमचे हे तेव्हा होते. ते म्हणाले, "अरे, त्याले विचारायचं नसते, त्याले प्यायचं असते." दोघा भावांत हा एवढाच फरक. एक पिऊन मोकळा व्हायचा, दुसरा विचारपूस करत राहायचा.

तर ही फटफटी. दोघं नवरा-बायको अकोल्याहून हिच्यावरच यायचे माझ्याकडे, राजापेठेत. वर्षानुवर्षं दर महिन्याला एकदा, ठरलेलं. जाऊबाई मागे एका अंगावर बसायची, पदर खोचून, मांडीवर माझ्यासाठी तुरीच्या शेंगांची नाही तर बोरांची पिशवी. आणि मूर्तिजापूरच्या अलीकडे एक मोठा कडुलिंब आहे रस्त्याच्या कडेला, तिथं आलं की ती भाऊजींच्या पाठीवर दोन बोटं टोचायची आणि म्हणायची, "थांबा वो, पाय भाजून राहिले माहे." की झालं. भाऊजी लगेच गाडी कडेला घेत. इंजिन तापलं म्हणजे थांबलंच पाहिजे, हा शास्त्राचा प्रश्न होता. मग दोघं लिंबाखाली बसत. गाडी थंड होईपर्यंत शेंगदाणे, पाण्याची बाटली, गप्पा. भाऊजी मला कौतुकानं सांगायचे, "वैनी, हिचे पाय म्हणजे मीटर हाय. एक किलोमीटर इकडंतिकडं नाई. बरोब्बर त्या लिंबापाशीच भाजते."

जाऊबाई गेली आणि फटफटीचं मीटरच गेलं म्हणा ना. भाऊजी एकटे यायचे, पण कसे? न थांबता. दारात गाडी लावली की घरात यायच्या आधी खाली वाकून इंजिनाला हात लावायचे, लेकराच्या कपाळाला लावतात तसा. एकदा तळहाताला हा एवढा फोड आला. मी तूप लावून देत होते, रागानं म्हटलं, "भाऊजी, असं कोणी करते काय?" तर म्हणतात, "वैनी, आता सांगणारं कोणी नाई न माग. तापली काय, नाई तापली काय, मले समजत नाई." मी तूप जरा जास्तच लावलं.

मग एका माघात आले ते खिशातून डबी काढून. डबीत एक घड्याळाएवढी तबकडी, खाली बोटभर लांब दांडी. "हे तेलाचं तापमापक, वैनी. इंजिनात तेल टाकाच्या भोकाचं जे झाकण असते, ते काढाचं अन् हे बसवाचं. दांडी तेलात बुडते, काटा बाहेर दिसते." कुणीही पाच मिनिटांत बसवलं असतं. भाऊजींना सकाळ पुरली नाही. आधी झाकणाभोवतीची धूळ दात घासायच्या ब्रशनं काढली, मग माझ्या जुन्या नऊवारीच्या फडक्यानं पुसलं, मग वायसर तेलात भिजवला, मग एकदम हात थांबवून म्हणाले, "थांबा. हा खरं बोलते का खोटं, हे पाहाच राहिलं. वैनी, उकयतं पाणी लागन."

पाणी शंभरावर उकळतं, तेव्हा उकळत्या पाण्यात काट्यानं शंभर दाखवलं पाहिजे, हे त्यांचं म्हणणं. बरोबरच होतं. पण माझी शेगडी दोन तोंडांची. एकावर पातोडीचा रस्सा, तोही भाऊजींच्याच आवडीचा, आणि दुसऱ्यावर मला बेसनाच्या पातोड्या वाफवायच्या होत्या, तिथं यांनी पाण्यानं भरलेला माझा सर्वांत मोठा ॲल्युमिनियमचा गंज ठेवला, त्यात सांडशीला दोरी बांधून तबकडी लोंबत सोडली. तो गंज म्हणजे लग्नकार्यातलं पातेलं. त्यात पाणी उकळायचं म्हणजे तपश्चर्या! भाऊजी वही शोधायला बाहेरच्या खोलीत गेले. इकडे रस्सा आटून चालला, पीठ सुकून चाललं. मी गंजात डोकावले. तळाशी बारीक बुडबुडे होते, मोहरीएवढे. आणि मी, देव मला माफ करो, ओरडले, "उकयलं हो, भाऊजी!"

ते धावत आले. चष्म्यावर लगेच वाफ. चष्मा काढून, नाक तबकडीला लावून वाचलं, "अठ्ठ्याऐंशी." मी गॅस बंदच करून टाकला. "बारानं कमी दाखवते," म्हणाले. "हरकत नाई. कमी दाखवते हे एकदा समजलं का खोटा राहत नाई." मग वहीतला कागद फाडून त्यावर सुरेख अक्षरात लिहिलं, 'अधिक १२', आणि पेट्रोलच्या टाकीवर चिकटपट्टीनं लावलं. म्हणजे काटा जे दाखवेल त्यात बारा मिळवायचे. तबकडी बसवली, हळदकुंकू लावायला मलाच सांगितलं, आणि पातोड्या पोटभर जेवले. जेवताना म्हणाले, "निरीक्षण तुमचं, नोंद माही. घरचंच माणूस पाहिजे अशा कामाले." मी आणखी एक पातोडी त्यांच्या ताटात वाढली. पण सांगितलं नाही. एवढ्याशा गोष्टीचं काय सांगायचं!

पुढच्या महिन्यात फोन आला, आवाजात उन्हासारखी थरथर. "वैनी, मी लिंबाखाली बसून हावो. काटा अठ्ठ्याण्णव, अधिक बारा, एकशे दहा! एकशे दहाची हद्द ठरवली होती मी. अन् कुठं आली हद्द, सांगा? तिच्याच लिंबापाशी! पाहा, तिचे पाय किती खरे होते!" मी हो म्हटलं.

तेव्हापासून दर महिन्याला तो फोन. हिवाळ्यात सुद्धा लिंबापाशी त्यांना कसेबसे एकशे दहा मिळायचेच. काटा एखादा अंश कमी पडला तर गाडी जरा जोरात घ्यायचे, हे त्यांनीच कबूल केलं आहे. मग तासभर ते झाडाखाली बसायचे. रस्त्यापलीकडे कपाशी फुटलेली, दुपार पांढरी झालेली, काटा मुंगीच्या पावलानं खाली यायचा, आणि भाऊजी फोनवर मला सांगत राहायचे, "ब्याण्णव... नव्वद... एक मोर गेला, वैनी... अठ्ठ्याऐंशी." मी इकडे खुर्चीत डोळे मिटून ऐकायची. मलाही मोर दिसायचा. कधी कधी तर मला वाटायचं, आम्ही दोघंच नाही, फोनवर तिसरंही कुणी आहे, पदर खोचून बसलेलं.

मग आला मागचा वैशाख. भाऊजी आले ते चेहरा उतरवून. पाणी पुढं केलं तर तापमापक बुडवला नाही. तसंच प्यायले. म्हणाले, "वैनी, गाडी देऊन टाकतो. तेल्हाऱ्याचा एक माणूस घ्याले येते सोमवारी. बोरगावलेच एकशे दहा होऊन राहिले. लिंबापर्यंत जातच नाई. तीनदा बसा लागते. इंजिन गेलं हिचं. पोरगंही पुण्याहून रोज तेच सांगते, बाबा विका, विका."

"मग तुमी कसे येसान?"

"बसनं येईन न."

बसनं! भाऊजी कधी बसनं आले नाहीत आणि येणार नव्हते, हे त्यांना ठाऊक होतं, मलाही. गाडी गेली की महिन्याचं येणं गेलं, लिंब गेला, तो मुंगीच्या पावलांचा फोन गेला. आमचे हे गेल्यावर या घरात 'वैनी' म्हणून हाक मारणारं दुसरं कोण होतं? मी उठले. मोठा गंज काढला, पाण्यानं भरला, शेगडीवर ठेवला. शेगडीच्या दुसऱ्या तोंडावर काही ठेवलं नाही.

"भाऊजी, ते तबकडी काढून आणा."

"कावून?"

"त्या दिवशी पाणी उकयलं नव्हतं."

त्यांना कळेना. मी म्हटलं, "मले पातोड्याची घाई होती. मी खोटं ओरडली." आणि तोंडाला पदर लावून उभी राहिले. वाटलं, आता हा माणूस, ज्यानं सारा जन्म आकड्यांशी खोटेपणा केला नाही, तो मला काय म्हणेल?

भाऊजी उठले. अंगणात जाऊन तबकडी काढून आणली, दोरी बांधली. आम्ही दोघं गंजासमोर उभे राहिलो, आरतीला थांबल्यासारखे. या खेपेला खळखळ, खळखळ, पाणी काठाबाहेर उडायला लागेपर्यंत. भाऊजींनी चष्मा काढला. "शंभर," म्हणाले. "काट्यावर काटा शंभर."

मग स्टुलावर बसले आणि हिशोब करू लागले, बोटांवर. "म्हणजे बोरगावले अठ्ठ्याण्णवच हाय. वैशाखात अठ्ठ्याण्णव म्हणजे काहीच नाई. गाडी ठणठणीत हाय, वैनी!" चेहरा उजळला. तेल्हाऱ्याच्या माणसाला तिथूनच फोन करून नको म्हणून सांगितलं. फोन ठेवला आणि पुन्हा बोटं मोजू लागले. मग हळूच, जसं कुणी झोपेत बोलावं, "पण मंग लिंबापाशी बी अठ्ठ्याण्णवच होते न. तिच्या वेळीही तेवढंच असन. तेवढ्यानं पाय कुठं भाजतेत? अन् तिचे पाय तर पायदानावर राहत."

मी भांडी आवरू लागले. त्यांनी विचारलं, "वैनी, तिचे पाय भाजत नव्हते?"

एकदा खोटं बोलून पाहिलं होतं. पुन्हा नको वाटलं. शेंगा सोलता सोलता जाऊबाई मला हसून सांगायची, "गाडी तापली म्हटल्याशिवाय हा माणूस थांबते कुठं, जाऊबाई? पाय भाजले म्हटलं का बसते बापडा, अन् दोन शब्द बोलते." ते मी त्यांना सांगितलं, जसंच्या तसं.

भाऊजी खूप वेळ गंजातल्या वाफेकडे पाहत होते. मग त्यांचे खांदे हलले. मला वाटलं रडतात की काय. पण हसत होते. "म्हणजे दोघी जावांनी मिळून मले बनवलं," म्हणाले. मी टाकीवरचा कागद काढायला निघाले, तर हातानंच थांबवलं. "राहू द्या. अठ्ठ्याण्णव गाडीचे. बारा तिचे."

त्यानंतरही ते लिंबाखाली थांबायचेच, आणि आता कारण विचारायची सोय नव्हती. दिवाळीनंतर मात्र गुडघा अगदीच वाकेना. मुलगा पुण्याला घेऊन गेला, ऑपरेशन झालं. जायच्या आधी भाऊजी गाडी माझ्याकडे लावून गेले. अकोल्याच्या बंद घरात ती एकटी पडेल म्हणाले. तीच ही, झाकलेली. डॉक्टर म्हणतात, सहा महिने थांबा, मग पाहू. पोरगा 'पाहू' एवढंही म्हणत नाही.

रोज सकाळी आठाला त्यांचा फोन येतो. मी कापड बाजूला करते, वाकून पाहते. चालत नसली तरी तेलाला हवेची ऊब लागतेच ना. "आज काटा किती, वैनी?" "चौतीस." "बारा मियवले?" "मियवले भाऊजी. शेहेचाळीस." मग फोन तसाच कानाला. मी डोळे मिटते, तेही मिटत असतील.

तर ही गोष्ट. आता जाताना तिच्यावरचं कापड नीट ओढून जा, आणि तुमच्या फोनवरून भाऊजींना माझा एवढा निरोप लिहून पाठवा, मला ती बारीक अक्षरं जमत नाहीत. लिहा: गंज घासून ठेवला आहे. पाणी पुरतं उकळल्याशिवाय ओरडणार नाही. गाडीवर या, बसनं या, कसेही या, पण लिंबाखाली थांबून या. लवकर या.