योकोहामाच्या बाकावरचे आजोबा

जर्मनीतल्या एर्लांगेनहून आम्ही तिघे सुट्टीत योकोहामाला गेलो होतो. बंदरावरच्या बाकावर एकटेच बसलेले एक जपानी आजोबा आमच्या मुलीचं जर्मन ऐकून जर्मनमध्येच बोलू लागले. प्रत्येक वाक्याआधी डोळे मिटून ते शब्द जुळवत. घरी मराठीला जर्मनमध्ये उत्तर देणारी आमची मुलगी त्यांच्याशी अर्धा तास बोलली.

“जर्मन कुठे शिकलात?” मी विचारलं.

“इथेच, सत्तरीनंतर. नातू ड्युसेलडॉर्फला वाढला, त्याला जपानी येत नाही.”

“मग आता खूप गप्पा होत असतील!”

त्यांनी पुन्हा डोळे मिटले. “मी शिकेपर्यंत त्याची माझ्याशी बोलायची सवयच मोडली.”

पुण्यात माझ्या आईला पंचाहत्तरावं चालू आहे. रविवारी फोनवर ती नातीला विचारते, “जेवलीस का गं?” मुलगी जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटते, आणि आईला उत्तर मी देतो.