दादाला टाकलेली चार कार्डं

आमच्या चोपड्याकडे तेव्हा कार्ड म्हटलं की रेशनचं, नाहीतर टपालाचं. लग्नाचं छापील कार्ड आलं की सासूबाई ते वर्षभर खुंटीला लावायच्या. पण माझा दादा धुळ्याच्या गिरणीत कार्ड खात्यात होता. तिथलं कार्ड म्हणजे भलंमोठं यंत्र. कापूस विंचरून त्याचा पेळू काढणारं. आता नात जाड डिक्शनरी घेऊन सांगते, "आजी, टपालाच्या कार्डाचं मूळ ग्रीकांच्या लव्हाळ्याच्या कागदात, आणि गिरणीच्या कार्डाचं काटेरी झुडपात. त्याच्या बोंडांनी लोकर विंचरायचे." असेल बाई. दादाच्या छातीत मात्र त्या काट्यांतून उडालेली कापसाची धूळच जाऊन बसली होती.

आईबाप लहानपणीच गेलेले, त्यामुळे दादा हेच माझं माहेर. मी कार्ड शेजारच्या मास्तरांकडून लिहून घ्यायची. दादा लिहायचा, "येडे, मास्तरांची ख्यालीखुशाली मला नको. तुझ्या हातचं पाठव." मग दिराच्या जुन्या पाटीवर गिरवत बसले. दिवस भरत आले तेव्हा पहिलं कार्ड माझ्या हातानं लिहिलं.

पंधरा दिवसांनी मुलगा झाला. त्याच आठवड्यात धुळ्याहून कार्ड आलं, दादा गेल्याचं. असलं कार्ड घरात घेत नाहीत. उंबऱ्याबाहेर वाचायचं नि तिथंच फाडायचं. सासूबाईंनी ते आमच्या यांच्याकडून वाचून घेतलं नि तिथंच फाडायला लावलं. ओल्या बाळंतिणीला वाईट सांगू नये, दूध आटतं. मी विचारलं, "दादाचं काही आलं का हो?" तर म्हणाल्या, "बठ्ठं बरं शे. तू पड." सगळं बरं आहे म्हणे.

मी आणखी तीन कार्डं लिहिली. भाचा झालाय, येत का नाहीस, रागावलास का? आमचे हे ती निमूट पेटीत टाकून यायचे. काय वाटत असेल त्यांना, मी कधी विचारलं नाही.

सव्वा महिन्यानं यांनी मला धुळ्याला नेलं. स्टँडवर उतरल्यावर सांगितलं. बाळ माझ्या हातातून यांनीच काढून घेतलं, म्हणून पडलं नाही.

वहिनीला अक्षरओळख नव्हती. तिनं चारही कार्डं पुढं ठेवली. मी एकच विचारलं, "पहिलं दादानं वाचलं का गं?"

"ते दवाखान्यात होते, अक्का. शुद्ध नव्हती. म्हटलं, बरे होऊन आले की वाचतील. म्हणून जपून ठेवलं."

मग म्हणाली, "काय लिवलंय, वाचा ना."

मी वाचलं, "दादास नमस्कार. हे माझ्या हातचं आहे. चुका काढ."

"आणि?"

"एवढंच. एवढ्यालाच मला दोन दिवस लागले होते."