बाबांच्या आवाजावर गिटार

आमच्या जयपूरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये एक टेपरेकॉर्डर होता. त्याचा माइक केव्हाच मेला होता, त्यामुळे तो नुसता वाजवायचा, आणि वाजवायचाही जरा घाईत. त्यावर लावलं की कुठलंही गाणं गाडी सुटायला आल्यासारखं पळायचं. बाबा लोको शेडमध्ये फिटर. वाफेची आख्खी इंजिनं उघडून बसवणारा माणूस, पण या एवढ्याशा डब्याला त्यांनी कधी हात लावला नाही. म्हणायचे, "त्याच्यात लय बारीक जीव हाये, आपल्याले नाही जमत."

गिटार माझी. म्हणजे शेजारच्या अँग्लो-इंडियन ड्रायव्हरच्या बायकोची. ते बिऱ्हाड कायमचं परदेशी निघालं, तेव्हा आंटीने ती माझ्या हातात दिली. त्याआधी दोन वर्षं तिने मला ओसरीवर बसवून शिकवलं होतं. बोटं चुकली की फुटपट्टीने टिचकी मारायची. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि मला वाटायचं की जगात गिटार वाजवणारी मीच. कॉलनीत तशी मी एकटीच होते, म्हणजे अगदीच खोटं नव्हतं.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला गावाहून काकाचं पत्र आलं. आमचं गाव वऱ्हाडात. चौदा एप्रिलच्या जयंतीला बाबांनी यावं, असं सगळ्यांना वाटत होतं, सगळ्यात जास्त आजीला. आजीचे दोन्ही डोळे गेलेले होते. एवढा दोन दिवसांचा प्रवास करून तिला जयपूरला आणणं शक्यच नव्हतं, आणि बाबांना शेडमधून रजा मिळत नव्हती. साहेब म्हणायचा, माणसं कमी आहेत. दोन वर्षं हेच चाललं होतं. काकाने लिहिलं होतं, "माय म्हणते, त्याले सुट्टी नसन भेटत, तर त्याचं गानं तरी पाठवाले सांग. दिसत तं नाही, आयकू तं येते."

बाबा गावाकडे गायन पार्टीत मुख्य गाणारे होते. वस्तीत जयंतीला मंडप उभा राहायचा, भोंगे बांधले जायचे आणि बाबा खंजिरी घेऊन उभे राहिले की पार नाल्यापलीकडच्या गावातून माणसं यायची. हे मला आई सांगायची. मी पाहिलं नव्हतं, कारण मी कळती झाले ती जयपुरात, आणि जयपूरला आल्यापासून बाबा गायलेच नव्हते. कोणासमोर गाणार? कॉलनीत आमच्या बोलीचं दुसरं घर नव्हतं. खंजिरी एका जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ट्रंकेत पडली होती.

पत्र वाचून झालं आणि मी टाळीच वाजवली. "आपण रेकॉर्ड करू! मी करते."

बाबा लाजले. एवढा मोठा माणूस, काळ्या ऑइलने कायमची रंगलेली नखं, आणि लाजले. म्हणाले, "मी आजवर माहा आवाज आयकला नाही. भोंग्यातून जाते तो लोकायले आयकू येते, आपल्याले नाही."

"मग ऐका ना आता," मी म्हटलं. हे मी म्हटलं होतं. हे विसरता येत नाही, म्हणून आधीच सांगून टाकते.

कॉलनीतल्या गार्डसाहेबांकडचा टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र, मी मागून आणला. त्याचा माइक चांगला होता. दोन कोऱ्या कॅसेटी होत्या. दारावर आणि खिडकीवर घरातल्या दोन्ही रजया टांगल्या. जयपुरी रजई हलकी म्हणून लोक कौतुक करतात, पण एप्रिलच्या दुपारी तीच खोलीला टांगून पंखा बंद करून बसा म्हणजे कळेल. पंखा बंद करावाच लागे, नाहीतर टेपमध्ये त्याची घरघर यायची. आईने मडक्यातलं पाणी आणून ठेवलं आणि भिंतीला टेकून बसली. म्हणाली, "शिजून निघतो आता सगळे."

पहिल्यांदा बाबांनी सूर लावला आणि छतावरचा मोर ओरडला. दुसऱ्यांदा यार्डात शंटिंगच्या इंजिनाने शिट्टी मारली. बाबा थांबले, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "याचा व्हॉल्व्ह गळून राह्यला." आई हसू दाबता दाबता खोकायला लागली. मी चिडले. "बाबा, गाण्यात लक्ष द्या!"

तिसऱ्यांदा मात्र ते गायले. डोळे मिटून, मांडीवर खंजिरी धरून. त्यांच्या पार्टीनेच रचलेलं गाणं होतं, शाळेत पहिल्यांदा पाटी घेऊन निघालेल्या पोरीचं. सुरुवातीला ताल नाही, नुसती एक लांब हाक. ती हाक त्यांच्या पोटातून निघाली आणि माझ्या अंगावर काटा आला. हा माणूस रोज माझ्यासमोर बसून भाकर खातो आणि याच्या आत हे आहे, हे मला अठरा वर्षं माहीत नव्हतं. गाणं संपलं तेव्हा आई पदराने तोंड पुसत होती. घाम असेल, म्हणून मी विचारलं नाही.

बाबांनी खंजिरी खाली ठेवली. "लाव बरं, आयकू."

आणि मी म्हटलं, "थांबा ना बाबा. अजून पूर्ण कुठे झालंय? गिटार घालते, मग ऐकवते."

मला खरं तर तेव्हाच माझी गिटार घालायची घाई झाली होती. त्या गाण्याला काहीही कमी नव्हतं. पण उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! आंटीने जायच्या आधी मला एक युक्ती सांगितली होती. एका टेपवर आधीचं वाजवायचं, त्याच्यासोबत आपण वाजवायचं आणि दुसऱ्या टेपने दोन्ही मिळून धरायचं. असं कितीही थर चढवता येतात. एकटी मुलगी आख्खा ऑर्केस्ट्रा होते. मला हे जादूसारखं वाटलं होतं आणि जादू करून दाखवायची संधी आजवर मिळाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाबा ड्यूटीवर गेल्यावर मी बसले. आमच्या घाईवाल्या टेपवर बाबांची कॅसेट लावली, शेजारी गिटार घेतली आणि टू-इन-वनने दुसऱ्या कॅसेटवर दोन्ही धरलं. ऐकलं. छान! मग वाटलं, कॉर्ड तर झाल्या, आता एकेका तारेवरची धून हवी. त्यासाठी तिसरी कॅसेट हवी होती.

कॅसेट सोडाल्याच्या बाजारात मिळायची. सायकलवर दहा मिनिटं. मी दार उघडलं तर बाहेर लू वाहत होती, तोंडावर तव्याची वाफ आल्यासारखी. मी दार लावून घेतलं. पहिली कॅसेट समोर होतीच. तिच्यातलं सगळं दुसरीत आलंच आहे ना, मग तिच्यावरच पुढचं करू.

आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर करून म्हटलं, "ते पहिली तशीच ठेव वं बाई. त्याच्यात नुसते तुहे बाबा हायेत."

"आई, तुला यातलं काही कळत नाही."

एवढंच म्हटलं मी. कळत नव्हतं कोणाला, ते आता काय सांगायचं! मी दोन्ही बटणं एकदम दाबली आणि बाबांच्या आवाजावरून टेप फिरत राहिली.

तीन दिवस मी हेच केलं. या कॅसेटवरून त्या कॅसेटवर, त्यावरून परत यावर. धून घातली, मग गिटारीच्या पोटावर थाप मारून ठेका घातला. मी शेवटी वाजवलेलं सगळ्यात पुढे यायचं आणि आधीचं एकेक पाऊल मागे सरायचं. बाबा सगळ्यात आधीचे होते. त्यात आमचा टेप घाईत पळणारा, म्हणून प्रत्येक फेरीला त्यांचा आवाज थोडा पातळ आणि थोडा चढा व्हायचा. मला दर वेळी गिटारीचे कान पिळून सूर जुळवून घ्यावा लागे. तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मी आपलंच घोडं पुढे दामटत होते.

रविवारी सगळ्यांना बसवून ऐकवलं. आधी टेपची खरखर, मग माझी गिटार, झकास, स्वच्छ. मग तिच्यामागे कुठेतरी बाबा.

बाबा मान खाली घालून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "बेस वाजवलं पोरी, लय बेस. पन हे मागं कोन गाऊन राह्यलं?"

मी खो खो हसले. बाबांना थट्टा करायची सवयच होती. आई हसली नाही, उठून आत गेली.

"पहिली हाये का?" बाबांनी विचारलं.

"नाही. त्याच्यावरच तर पुढचं केलं ना!"

"बरं बरं." थोडा वेळ ते आपल्या नखांकडे बघत बसले. मग म्हणाले, "चालते. जाऊ दे हेच."

आपण पुन्हा गाऊ, असं ते म्हणाले नाहीत आणि मीही म्हटलं नाही. टू-इन-वन परत द्यायचा होता. भुसावळकडे जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाच्या हाती कॅसेट गेली. उरलेल्या कॅसेटवर मी, टू-इन-वन परत करायच्या आधी, रेडिओवरची गाणी उतरवून घेतली.

जयंती झाली आणि पंधरा-वीस दिवसांनी काकाचं अंतर्देशीय आलं. आमच्याकडे पत्र आलं की बाबा ओसरीवर चहा घेत ते मोठ्याने वाचायचे आणि वाचून झालं की दाराशेजारच्या वाकवलेल्या तारेत खोचून ठेवायचे. कित्येक वर्षांची पत्रं त्या तारेत होती. बाबा वाचू लागले. मंडप मोठा झाला होता, पाहुणे आले होते, गाणं दोन वेळा लावलं. लोक म्हणाले, दादाची पोरगी तर सायबाच्या पोरीसारखी गिटार वाजवते. मी गालातल्या गालात हसत होते. "मायले भोंग्याखालीच खुर्ची टाकून देल्ती," बाबांनी वाचलं आणि ते थांबले. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला. मग एकदम खालची ओळ वाचली, "बाकी सगळे खुशाल. पोरीले आशीर्वाद."

"आजी काय म्हणाली?" मी विचारलं.

"काय म्हननार? खूश झाली म्हातारी," बाबा म्हणाले आणि पत्राची घडी खिशात घातली. तारेत खोचली नाही. मी ते पाहिलं, पण माझ्या डोक्यात अजून त्या कौतुकाची हवा भरलेली होती.

त्याच वर्षी पोळ्याच्या सुमाराला आजी गेली. तार आली तेव्हा रजा लगेच मिळाली. बाबा पोचले तोवर सगळं उरकलं होतं. परत आले ते कृश होऊन, आणि त्यानंतर खंजिरी ट्रंकेतून कधी निघाली नाही. मी दोन-तीनदा म्हटलं, "बाबा, परत एकदा करू या, नुसतं तुमचं." ते म्हणायचे, "हो ना बाई, करू." आमच्याकडे तोवर चांगला टेपही आला होता. पण मग माझं लग्न, त्यांची रिटायरमेंट, गावी परतणं... आणि शेवटी त्यांना अर्धांगाचा झटका आला. तो नेमका जिभेवर गेला. दीड वर्ष ते हातवारे करून बोलले. मी भेटायला गेले की आधी माझी बोटं उलटून बघायचे, तारांचे घट्टे आहेत का अजून म्हणून. घट्टे दिसले की मान डोलवायचे.

मला आता सगळं आठवतं. रजयांचा वास आठवतो, मोर आठवतो, मडक्यातलं गार पाणी आठवतं. ती पहिली हाक तेवढी कानात येत नाही. काटा आला होता हे आठवतं, पण कशाने आला होता, तो आवाज काही केल्या येत नाही. मी गिटार घेऊन बसते, तो सूर धरते आणि वाट बघते. माझं वाजवणं तेवढं ऐकू येतं. माझ्या वाजवण्याला काय चाटायचंय!

बाबा गेल्यावर आईने ट्रंक उघडली आणि खंजिरी माझ्या हातात दिली. लुगड्याचा तुकडा सोडला, तर आत काकाचं ते अंतर्देशीय निघालं. तारेत न गेलेलं. मी उभ्या उभ्या वाचलं. मंडप, पाहुणे, सायबाच्या पोरीसारखी गिटार. भोंग्याखालची खुर्ची. आणि मग ती ओळ, जिच्यापाशी बाबांनी चष्मा काढला होता.

"माय शेवटलोक कान देऊन बसली होती. गानं सरलं तं मले इचारते, नात तं बेस वाजवते बाप्पा, पन माहा लेक कवा गाईन?"