बाळ नाही आणि दूध

रेक्टरमॅडमनी पेनाचं टोक माझ्या छातीवर रोखलं. कुर्त्यावर ओला डाग. बिस्किटाएवढा.

"हे काय?"

"घाम, मॅडम."

"एकाच बाजूला घाम येतो का गं तुला?"

मागे रांगेत चाळीस पोरी. प्रत्येकीच्या हातात प्लास्टिकची डबी. देवपूरच्या आमच्या आदिवासी होस्टेलची ही रीतच. सुट्टीवरून आलं की आधी डबीत लघवी द्यायची. नर्सबाई गरोदरपणाची पट्टी बुडवणार. एक रेघ आली तर खोलीची चावी, दोन आल्या तर घरी. कॉलेजच्या पोरी आम्ही. मतदान करतो. पण चावी लघवीवर मिळते. शहरातल्या दुसऱ्या होस्टेलांत हे नाही. फक्त शिरपूरच्या वरच्या डोंगरातून येणाऱ्या आमच्यासाठी. मॅडम म्हणायच्या, "तुमच्याकडे लवकर सुरू होतं सगळं."

मॅडमची नक्कल मी एक नंबर करायचे. नाकातून बोलणं, दर वाक्याला पदर ओढणं. पोरी लोळायच्या हसून. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

पट्टीवर एकच रेघ आली. मॅडमनी बघितली.

"म्हणजे पाडून आली."

सगळ्यांसमोर. मग आईला फोन.

दुसऱ्या दिवशी आई एसटीने आली. आधी माझ्या पोटाकडे बघितलं, मग तोंडाकडे.

"खरं सांग पोरी. कोन शे तो?"

कोणीच नव्हता. सात महिने पाळी बंद. डोकं ठणकायचं. दूध गळायचं, मी आत रुमालाची घडी ठेवायचे. सगळ्यांच्या नकला करणारी मी, स्वतःचं तोंड बंद. सांगितलं असतं तर हेच ऐकलं असतं. आई म्हणाली, चल घरी, वैशाखात लग्न उरकू. माझं बीएस्सीचं शेवटचं वर्ष होतं.

मी म्हटलं, एक दिवस दे. तिला ओढतच सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण माझ्याहून थोडीच मोठी. तिने 'कोण तो' नाही विचारलं. विचारलं, "डोकं दुखतं? बाजूचं नीट दिसतं?" रक्त काढलं. रिपोर्टवर नाव, प्रोलॅक्टिन. मला वाटलं कपाशीवर मारायचं औषध. बाळ झाल्यावर दूध आणणारं हार्मोन, माझ्या रक्तात नको तेवढं चढलेलं. त्यानेच पाळी अडवलेली. मग डोक्याचा फोटो. मेंदूखाली वाटाण्याएवढी ग्रंथी, तिच्यात बारीक गाठ.

"कॅन्सर नाही," डॉक्टरीण म्हणाली. "गोळीने बहुतेक आटोक्यात येते. पण लपवत बसली असतीस, गाठ वाढली असती, तर नजर गेली असती."

"लेकरू नही अन् दूध?" आई.

"आई, हे हार्मोन वाढलं तर कधीकधी पुरुषालाही दूध येतं," डॉक्टरीण म्हणाली.

आईने तोंडावर हात ठेवला. माफी नाही मागितली. एकटीच एसटीत बसून गावी गेली, एवढंच.

रिपोर्ट मॅडमच्या टेबलावर ठेवला. त्यांनी न वाचता घडी केली, चावी पुढे सरकवली. "ठीक आहे. पुढच्या सुट्टीनंतर बघू."

बघू? माझी नजर जाणार होती, आणि ही बाई अजून माझं पोट बघत होती.

आठवड्याला दोन गोळ्या. दूध आटलं, पाळी आली. होळीला गावी गेले, परत आले. पुन्हा रांग, पुन्हा डब्या. माझा नंबर आला. रिकामी डबी मॅडमच्या टेबलावर ठेवली. ओढणी ओढली आणि नाकातून, त्यांच्याच आवाजात म्हटलं,

"आधी तुमची भरा. तुम्हीपण सुट्टीवरूनच आलात ना?"

रांग फुटली हसून. मॅडमचं तोंड लाल.

"सीट जाईल तुझी!"

"लिहून द्या. कारणपण लिहा. लघवी दिली नाही म्हणून."

पेन हातातच राहिलं. तेच पेन.

हसल्या सगळ्या. डबी खाली ठेवली फक्त तिघींनी. मला तेवढ्या पुरे.

चावी अजून मिळालेली नाही. आम्ही चौघी पेट्या घेऊन व्हरांड्यात बसलोय. इथूनच कॉलेजला जातो, इथेच अभ्यास करतो. मॅडम जाता-येता बघतात. बघू दे. गोळी मी घेईन, परीक्षा मी देईन. डबी भरणार नाही.