खेकड्याची मोठी नांगी

पेणला तीन दिवसांचं शिक्षक प्रशिक्षण लागलं, तेव्हा मी एकच गोष्ट मनात धरून गेले. माझ्या तिसरीच्या वर्गात नदीकाठच्या आदिवासी वाडीतली एक मुलगी होती, ती बोलायची नाही. मुकी नव्हती. वाडीवर भावंडांना खणखणीत हाका मारायची. शाळेत आली की तोंडाला कुलूप. ती पहिलीत आल्यापासून दोन वर्षं सगळे उपाय करून मी थकले होते. परिपत्रकात ‘प्रश्नांतून आणि कलेतून शिक्षण’ असा विषय वाचला आणि वाटलं, इथे तरी काही सापडेल.

रोह्याहून सकाळची एसटी धरून पोचले. शहरातून आलेल्या साहेबांनी ‘मुलांना प्रश्न विचारू द्या’ हे सलग अडीच तास सांगितलं. मी हात वर केला, तर म्हणाले, “मॅडम, प्रश्न शेवटी.” तो शेवट आधी जेवणानंतर गेला, मग तिसऱ्या दिवसावर, आणि तिसऱ्या दिवशी प्रमाणपत्रं घेतानाचे फोटो काढायचे होते. कहर म्हणजे, ज्या पेणमध्ये गल्लोगल्ली गणपतींचे कारखाने, तिथे या माणसानं आम्हाला रंगीत प्लास्टिकच्या मातीचे डबे आणि माशांचे साचे वाटले. एका साच्यातून निघालेल्या सारख्याच माशांना ते सर्जनशीलता म्हणत होते. माझ्या शेजारी पेणच्याच एक बाई बसल्या होत्या, त्यांच्या सासरी मूर्तींचा कारखाना. त्या हळूच म्हणाल्या, “नुसता साच्यातून काढून काय व्हतंय गो? वरून ओलं बोट फिरवायचं, दोन्ही बाजू सारख्या करायच्या.” तीन दिवसांत कामाचं म्हणून एवढंच शिकले, असं मी परतताना चिडून स्वतःलाच ऐकवलं.

पुढच्या शनिवारी कलेचा उपक्रम घेऊन दुपारच्या आत फोटो पाठवायचा हुकूम होता. आमची शाळा निडी स्टेशनच्या पलीकडे. फोन कसाबसा लागतो, पण फोटो पाठवायचा तर स्टेशनपर्यंत चालत जावं लागतं. मी मुलांना नदीची माती दिली आणि पाण्यातले प्राणी करायला सांगितले. मुलं रंगली होती, तेवढ्यात केंद्रप्रमुखांचा फोन. “मॅडम, तुमच्याच शाळेचा राहिलाय. आणि जरा नीटनेटकं दिसू द्या.”

त्या मुलीनं खेकडा केला होता. वाकडे पाय, डोळ्यांचे दांडे, पाठीवर नखानं ओढलेल्या रेघा, सगळं होतं. फक्त एक नांगी भलतीच मोठी आणि दुसरी चिमुकली. मी बोट पाण्यात बुडवलं, मोठीतली माती काढून धाकटीला लावली आणि दोन्ही सारख्या करून टाकल्या.

“बाई, त्याचा येक डेंगा मोठाच आसतो,” ती म्हणाली. “बिळात हात घातला का पयला त्योच लागतो.”

दोन वर्षं ज्या आवाजाची वाट पाहिली, तो हा. जराही न अडखळता आलेला. आणि मी काय म्हणाले? “हो गं, नंतर सांग. आधी फोटो.”

फोटो गेला. संध्याकाळी व्हॉट्सॲपच्या गटावर त्या खेकड्याचं कौतुक सुरू झालं, प्रशिक्षणाच्या साहेबांनी शाबासकीचा अंगठा टाकला. त्या अंगठ्याचा मला इतका राग आला की फोन उशीखाली कोंबला. खरा राग कोणाचा होता ते मला कळत होतं, पण त्या दिवशी मी ते कबूल केलं नाही.

सोमवारी कसलाही फोटो पाठवायचा नव्हता. मी मुद्दाम पुन्हा माती नेली, तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि विचारलं, “खेकड्याला तो मोठा डेंगा कशाला लागतो गं?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मातीचा गोळा माझ्या पुढ्यात सरकवला, पाण्याची वाटी त्याच्या शेजारी आणून ठेवली आणि हात फ्रॉकला पुसून आपली पाटी काढून बसली.