वाळूचे पक्षी, कापसाचे पक्षी

सुधाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्तमानपत्राच्या दुसऱ्या दिवशीच्या पानाची शीर्षके तपासत होतो. बडोद्याहून तिच्या शेजारच्या मीनाबेन बोलत होत्या. "भाई, सुधाबेन गयां…" एवढेच. अर्धे राहिलेले शीर्षक पूर्ण करून मी उठलो.

ताई माझी मोठी बहीण. प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर बडोद्यातल्या अलकापुरीतल्या फ्लॅटमध्ये ती बेटांवरच्या पाणकोंबड्या शिवत असे, जुन्या साड्यांच्या, खऱ्या आकाराच्या. शाळेतल्या मुलांना दाखवायला. बेटांवर शत्रू नव्हते, म्हणून या पक्ष्यांचे उडणे सुटले. मग माणसांमागून उंदीर, मांजरे, साप आले. नामशेष झालेल्या जातीत ती वाळू भरे, तगलेल्या जातीत कापूस. "चित्रात दोन्ही सारख्याच दिसतात रे. हातात घेतल्यावर कळलं पाहिजे." पॅसिफिकमधल्या वेक बेटावरची वाळूची, दुसऱ्या महायुद्धात तिथे अडकलेल्या उपाशी सैनिकांनी ती खाऊन संपवली. लेसन बेटावरचीही वाळूची. तिला दुसऱ्या बेटावर नेऊन सगळे निर्धास्त झाले आणि तिथेही उंदीर पोहोचले. लॉर्ड हाऊ बेटावरची मात्र कापसाची. अगदी थोड्या उरल्या असताना जोड्या पिंजऱ्यात वाढवून परत सोडल्या. "कुणीतरी वेळेवर आलं, एवढाच फरक," ताई म्हणे.

ग्वाम बेटाची बराच काळ रिकामी पडून होती. सापांनी तिला तिच्या बेटावरून संपवले होते. पिंजऱ्यात वाढवलेल्या काही शेजारच्या बेटांवर सोडल्या होत्या.

"वाळू की कापूस, एक काय ते ठरव ना ताई."

"डेडलाइन तुझी असते, बाबू. त्यांना पिल्लं तर काढू देत!"

मग तिचे आजारपण आले. शेवटच्या भेटीत तिने तो पक्षी इस्पितळात मागवला. सोडलेल्या पक्ष्यांची तिकडे पिल्ले होत असल्याचे मी वाचून दाखवले. "मग भर कापूस." मी भरू लागलो. "ठासू नकोस रे, उशी आहे का ती?" हसताना तिला धाप लागली… मी सुई ओवून दिली. तिला ती धरता येईना. मी हात पुढे केला. "तू राहू दे. पोतं शिवल्यासारखं शिवशील. घरी गेले की मीच घालते टाका."

बाकीचे पक्षी आता शाळेत आहेत. ग्वामची माझ्या टेबलावर आहे. उचलली की पोटातून थोडा कापूस बाहेर येतो. मी तो बोटाने आत सारतो आणि तिला परत ठेवतो.